"ते दे, तिकडचं दे": साडेचार वर्षांच्या मुलाचे शब्द आणि विचार कसे वाढवायचे?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा साडेचार वर्षांचा, इंग्रजी माध्यमात ज्युनियर केजीला, घरी मराठी. दिवसभर बडबड चालू असते, पण "ते दे", "तिकडचं", "त्याने असं असं केलं" यापलीकडे शब्द येत नाहीत. शाळेतून निरोप आला की व्होकॅब्युलरी कमी आहे, लॉजिकल रीझनिंगची तयारी करून घ्या. तुम्ही दोनशे चित्रकार्डं आणि वर्कबुक आणलं, तर तो दहा मिनिटांत उठून जातो. आता तुम्ही विचारताय की रोज किती शब्द करून घ्यायचे, रीझनिंग कुठून सुरू करायचं आणि घरी मराठी बोलणं बंद करावं का.

मी एकतीस वर्षं बालवाडीत शिकवलं. पहिली बारा निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात, बाकीची नाशिक शहरात. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगते. घरी मराठी अजिबात बंद करू नका. रोज किती शब्द हा हिशेब सोडून द्या. आणि शब्द एक विषय, रीझनिंग दुसरा विषय अशी वाटणी करू नका. या वयात विचार शब्दाच्या पोटातच वाढतो.

त्याआधी एक गोष्ट करून घ्या. त्याला वरचेवर सर्दी होते का, टीव्हीचा आवाज मोठा लागतो का, पाठीमागून हळू हाक मारली तर वळतो का, हे बघा. शंका आली तर कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठून राहिलं की ऐकू कमी येतं, आणि समोरून बोललेलं समजत असल्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती लक्ष देत नाही असंच मी आठ महिने समजत होते. शेवटी तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत दोष निघाला. ते आठ महिने मी तिला परत देऊ शकले नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द जायला लागले असतील, तर कुठल्याच मुलाच्या बाबतीत "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नये. जिल्हा रुग्णालयात किंवा वाचा-श्रवण तज्ज्ञाकडे जावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे, तुम्हाला ठाण्याहून जवळ पडेल. तुमच्या वर्णनावरून मुलगा भरपूर बोलतो, त्याला समजतंही, त्यामुळे काळजीचं कारण मला दिसत नाही. पण कान तपासलेले बरे.

आता "ते, तिकडचं". मूल असं का बोलतं? कारण तेवढ्याने त्याचं काम होतं. तो बोट दाखवतो, तुम्ही उठून ते देता. शब्दाची गरजच पडत नाही. शब्द घोकून घेण्यापेक्षा गरज निर्माण करा. भांडी घासताना तुमची पाठ त्याच्याकडे असते, तेव्हा म्हणा, "मला दिसत नाहीये रे, कसं आहे ते सांग." रागावून नाही, अडवून धरायलाही नाही, खरोखरच दिसत नाही म्हणून. "ते झाकणवालं, निळं, वरच्या फळीवरचं" इतकं आलं की लगेच द्या आणि देताना नाव घ्या: "हां, बरणी!" त्या क्षणी त्याला तो शब्द हवा असतो, म्हणून तो राहतो. गावी आजी असेल तर फोन लावा, पण व्हिडिओ कॉल नको, साधा. त्याने ठोकळ्यांचं काय बांधलंय ते आजीला नुसतं सांगायचं आणि आजीने तिकडे काड्यापेट्या घेऊन तसंच रचायचं. "वर" म्हणजे नेमकं कशाच्या वर, "बाजूला" म्हणजे कुठल्या बाजूला, हे आजी विचारणारच. अशी पंधरा मिनिटं म्हणजे वर्कबुकची वीस पानं, असं मी पालकांना सांगत आले आहे.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. नावं मुलं कार्डावरूनसुद्धा उचलतात. क्रियापद कार्डावर बसत नाही, ते हाताने करावं लागतं. आपल्या स्वयंपाकघराइतकी क्रियापदं दुसऱ्या कुठल्याही खोलीत नाहीत. निवडणं, पाखडणं, चाळणं, सोलणं, चिरणं, किसणं, कुटणं, वाटणं, भरडणं, मळणं, लाटणं, थापणं, परतणं, भाजणं, उकडणं, घुसळणं, गाळणं, निथळणं. यातल्या प्रत्येक शब्दात एक फरक भरलेला आहे. चाळल्यावर बारीक खाली जातं आणि जाड वर राहतं. पाखडल्यावर हलकं उडून जातं आणि जड सुपात राहतं. दोन्ही वेळा निवड होते, पण एकदा आकारावरून आणि एकदा वजनावरून. रीझनिंगच्या पुस्तकात "गटात न बसणारे ओळखा" असतं ना, तेच हे, फक्त इथे पीठ आणि तांदूळ खरे असतात. "कट कर" आणि "मिक्स कर" एवढ्यावर घर चाललं की हे सगळे फरक बुडतात. आपणच आधी नेमका शब्द वापरायला हवा.

शनिवारी अर्धा किलो मटार घेऊन त्याच्यासोबत जमिनीवर बसा. "हे काय आहे?" असं विचारू नका. "मटार" म्हणाला की बोलणं संपतं. त्याच्या हातात दोन शेंगा द्या आणि विचारा, "न उघडता सांग, कुठल्या शेंगेत दाणे जास्त असतील?" शेजारच्या एका मुलासोबत मी हे गेल्या हिवाळ्यात केलं. त्याने दोन्ही दाबून बघितल्या आणि एक पुढे केली. मी म्हटलं, "कशावरून?" तो म्हणाला, "ही फुगलीय." उघडली तर सात दाणे. दुसरी पोचट निघाली, आत दोन बारकेसे. "पोचट" हा शब्द मी तेव्हा एकदाच उच्चारला. पुढच्या पाच-सहा शेंगा तो स्वतःच "ही पोचट, ही फुगलेली" असा लावत गेला. मग एक टम्म फुगलेली शेंग उघडली, तर आत तीनच दाणे, पण टपोरे. तो थांबला. बराच वेळ शेंगेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मोठे असले तर कमी मावतात." वय चार वर्षं दहा महिने. मी त्याला काहीही शिकवलं नव्हतं. शेंग हातात होती, शब्द वेळेवर मिळाला आणि कुणी घाई केली नाही, एवढंच.

वितळणं आणि विरघळणं हेही असंच घ्या. गरम वरणभातावर तूप वितळतं, पाण्यात मीठ विरघळतं. मुलाच्या लेखी दोन्ही "गायब झालं". मीठ गेलं कुठे, चाखून बघ. तूप थंड वाटीत का नाही वितळत? एकाला ऊब लागते, दुसऱ्याला पाणी लागतं, हे एकदा हाताने केलं की दोन शब्द कायमचे वेगळे होतात.

मराठीतली आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. फुटणं–फोडणं, पडणं–पाडणं, तुटणं–तोडणं, सुटणं–सोडणं, जळणं–जाळणं. नुसता स्वर बदलला, कधी सोबत एखादं व्यंजन, की आपोआप झालं की कुणी केलं हे ठरतं. कप खाली पडतो आणि मूल म्हणतं, "मी नाही फोडला, तो फुटला." आपण त्याला बहाणेबाज म्हणतो. खरं तर त्याने घटना आणि कर्ता वेगळे केलेले असतात, आणि तर्कातली ती मोठी पायरी आहे. त्याला म्हणा, "बरं, फुटला. कशामुळे फुटला?" "कोपर लागलं." "म्हणजे कुणाचं?" इथे ओरडलात तर मूल पुढच्या वेळी विचार न करता नुसतं "मला माहीत नाही" म्हणायला शिकेल.

मुलं "मी करलं" म्हणतात, तेव्हाही हसू नका. "धरलं, भरलं, सारलं" या चालीवर त्याने स्वतः नियम बांधून "करलं" काढलेलं असतं. चूक भाषेची आहे, तर्क बरोबर आहे. "चुकलं, परत म्हण" असं न करता आपल्या वाक्यात योग्य रूप आणायचं: "अरे वा, तू केलंस!" पुरे.

आता प्रश्न कसे विचारायचे. आपण सगळीकडे "का?" वापरतो आणि चार वर्षांचं मूल "कारण… असंच" म्हणतं. "का" त्याला फार रुंद पडतो. आपल्याकडे त्याचे तुकडे तयार आहेत, ते वापरा. "कशासाठी?" म्हणजे हेतू: छत्री कशासाठी घेतली? "कशामुळे?" म्हणजे घडवून आणणारी गोष्ट: चप्पल कशामुळे ओली झाली? आणि "कशावरून?" म्हणजे पुरावा: बाबा आले हे कशावरून ओळखलंस? "स्कूटरचा आवाज आला." "चपला दिसल्या." या तिघांतला "कशावरून" मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण त्यात मुलाला स्वतःच्या डोक्यात बघावं लागतं. दिवसातून दोन-तीनदा तरी तो शब्द तुमच्या तोंडी येऊ दे. तपासणीच्या सुरात नको, खरंच कुतूहल असल्यासारखा. आणि तो तुम्हाला विचारेल तेव्हा तुम्हीही द्या उत्तर. "आज पाऊस येणार." "कशावरून?" "पश्चिमेकडे बघ, किती काळं झालंय."

विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं. मी हे वाचल्यावर वर्गात मनातल्या मनात पाच आकडे मोजायला लागले. पहिले काही दिवस ती शांतता मला सहन होत नव्हती. मग कधीच न बोलणारी दोन मुलं बोलायला लागली.

जोडणारे शब्द कार्डावर कधीच नसतात, म्हणून त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्या: म्हणून, नाहीतर, तरी, पण, आधी, तोपर्यंत, फक्त, सोडून, एकही नाही. "चपला सोडून सगळं उचल." "कुकरची शिट्टी होईपर्यंत चित्र काढ." "पाऊस नाहीये, तरी छत्री घेऊ. का बरं?" यातला "तरी" मुलांना उशिरा येतो, कारण त्यात अपेक्षा आणि घडलेलं दोन्ही एकाच वेळी मनात धरावं लागतं. घाई नको.

गोष्टींबद्दल. रोज नवी गोष्ट लागत नाही. एकच गोष्ट महिनाभर चालते. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. ही गोष्ट लाखो मुलांनी ऐकली असेल. एका जुलैमध्ये मी वर्गात विचारलं, "चिऊचं का नाही गेलं?" उत्तर आलं, "चिऊ चांगली आहे म्हणून." सगळ्यांना पटलंही. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गोवरीचा तुकडा, मेणबत्ती आणि पाण्याची बादली घेऊन गेले. गोवरी भिजली, फुगली, तासाभराने तिचा लगदा झाला. मेणबत्ती तशीच. "पाणी आत जात नाही तिच्या," असं एक मुलगी म्हणाली. एवढ्यात एक मुलगा ओरडला, "बाई, ती तरंगतेय! मग चिऊचं घर पण वाहून जाईल!" गोष्ट सांगायला लागून मला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, ही शंका मला कधी आली नव्हती. मग अर्धा तास चर्चा, घर झाडाला बांधायचं का, फांदीच्या बेचक्यात अडकवायचं का. "बेचकं" शब्द फळ्यावर न लिहिता सगळ्यांचा झाला. ती मेणबत्ती मी कपाटात ठेवून दिली. एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात ठेवली, दुपारपर्यंत ती वाकली. त्याच मुलाने खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, "उन्हाळ्यात काऊचंच घर चांगलं."

आता शाळा ज्याला रीझनिंग म्हणते त्याबद्दल. काही गोष्टी या वयात येतच नाहीत, आणि न येणं हा दोष नाही. दहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी त्याच्यासमोर मांडा. सारखेच ना? हो. मग एक ओळ पसरून लांब करा. बहुतेक साडेचार वर्षांची मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून दिलं. साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास ही समज पक्की होते. "अरे मोजून बघ, दहाच आहेत" असं रेटून काही होत नाही, मूल मोजतं, दहा म्हणतं आणि तरी लांब ओळीकडे बोट दाखवतं. सोडून द्या, चार महिन्यांनी परत मांडा. तसंच, मराठी आकड्यांची नावं त्याला जड गेली तरी घाबरू नका. आपले आकडे खरोखर अवघड आहेत, एकवीसमध्ये एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना उलटं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. मला स्वतःला जुनी नावं हवीत असं वाटतं, पण ती उलगडून. एकोणीस म्हणजे एक उणा वीस, एकोणतीस म्हणजे एक उणा तीस, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आत्ता नाही, दोन वर्षांनी.

खेळ मात्र आत्ताच. "चिमणी उडाली, भुर्र" हा खेळ घ्या. चिमणी, कावळा, पोपट, म्हैस. म्हशीला बोट वर गेलं की सगळे हसतात. आता हळूच कठीण करा: कोंबडी? पतंग? विमान? धूर? वाद झाला पाहिजे. "पतंग उडतो की उडवतात?" हा प्रश्न एका पाच वर्षांच्या मुलीने मला विचारला होता. पत्त्यांत बदाम सात घ्या, रंग आणि क्रम दोन्ही एकदम सांभाळायला लागतात. पहिल्यांदा पानं उघडी ठेवून खेळा. आणि रात्री दिवा घालवल्यावर कोडी. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया." सूप आणि लाह्या त्याने पाहिल्या नसतील तर आधी दाखवा, नाहीतर कोडं म्हणजे नुसतं पाठांतर. उत्तर सांगू नका, खिडकीतून आकाश दाखवा. त्यानंतर त्याला स्वतःचं कोडं करायला सांगा. "चार पाय आहेत पण चालत नाही" इतपत जमतं, आणि ते जमण्यासाठी वस्तूचे गुण निवडावे लागतात, त्यातूनही कुठला गुण लपवायचा हे ठरवावं लागतं.

इंग्रजीची भीती मला समजते. पण "कशावरून"ला मराठीत उत्तर देणाऱ्या मुलाला इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे असतात, विचार करायला तो आधीच शिकलेला असतो. ज्या घरांनी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला घेतलं, तिथे संवाद "कम हिअर, इट फास्ट, डोन्ट टच" एवढ्यावर आलेला मी पाहिला आहे. हुकमाच्या भाषेत मूल विचार कसा करणार? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकवण्याचं माध्यम असावी असं म्हटलं आहे. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात नेली आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलाच्या परिसरात जे आहे त्यावरच शिकवायचं, ही रीत आम्हा बालवाडीच्या शिक्षिकांकडे तिथून आली. तुमचा परिसर ठाण्याचा फ्लॅट आहे. तिथे भाजीवाला आहे, लिफ्टचे आकडे आहेत, गॅलरीतलं कबूतर आहे. तो "स्पून" म्हणाला तर "मराठीत बोल" म्हणून अडवू नका, "हां, चमचा दे" म्हणून पुढे चला. त्याच्याकडचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे असतात, शाळा फक्त एका भाषेतले मोजतेय.

मोबाइलबद्दल एकच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, त्याहून कमी तर उत्तमच. तुमच्या मुलालाही तेवढीच मर्यादा ठेवा. शब्द शिकवणारं ॲप असलं तरी तो वेळ त्यातच धरा, कारण ॲप "कशावरून?" विचारून थांबत नाही.

आणलेली कार्डं फेकू नका. दोनशेपैकी वीस काढा, त्याच्यासमोर चार ठेवा आणि विचारा, "यातलं कुठलं वेगळं?" गाय, कुत्रा, मांजर, चमचा असे सोपे गट करू नका. गाय, बैलगाडी, सायकल, होडी ठेवा. तो म्हणेल होडी, ती पाण्यात चालते. तुम्ही म्हणा, मला वाटतं गाय, ती जिवंत आहे. मग त्याला विचारा, "सायकलसुद्धा वेगळी ठरेल का?" उत्तराला वेळ लागेल, लागू द्या. वर्कबुक शाळेला दाखवायचं असेल तर रविवारी दोन पानं करा, त्याहून जास्त नको. आणि कान तपासून आलात की काय निघालं ते मला नक्की कळवा.